घोडा जी५: एका बदनाम चालीची बाजू

हौशी खेळाडूंच्या बुद्धिबळ स्पर्धेत, विशेषतः पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत आणि खालच्या पटांवर, एक स्थिती हमखास दिसते. पांढऱ्याने राजाचे प्यादे ई४ वर आणलेले असते, काळ्याने ई५ वर. पांढरा घोडा एफ३ वर येतो, काळा घोडा सी६ वर. पांढरा उंट सी४ वर जाऊन बसतो आणि काळ्याचा दुसरा घोडा एफ६ वर. या मांडणीला ‘टू नाइट्स डिफेन्स’, म्हणजे दोन घोड्यांचा बचाव म्हणतात. इथवर सगळे शिकवल्याप्रमाणे चाललेले असते. चौथ्या चालीला मात्र पांढरा नवा मोहरा बाहेर काढण्याऐवजी एफ३ वरचाच घोडा पुन्हा उचलतो आणि जी५ वर ठेवतो. समोरचा नवखा असेल तर त्याच्या तोंडचे पाणी पळते. तो चार पुस्तके वाचलेला असेल तर नाक मुरडतो, कारण ही चाल अडाण्यांची, सापळे लावणाऱ्यांची असे त्याच्या मनावर बिंबलेले असते. माझ्या मते हे दोघेही चुकतात. घोडा जी५ ही हौशी खेळाडूला मिळणारी सुरुवातीची सर्वांत चांगली शिकवणी आहे, खेळायलाही आणि तोंड द्यायलाही. बुद्धिबळातला मूळ व्यवहार, म्हणजे वेळ देऊन माल घ्यायचा की माल देऊन वेळ घ्यायचा, हा प्रश्न इतक्या लवकर आणि इतक्या उघडपणे दुसरी कुठली चाल विचारत नाही.

चालीमागचा विचार साधा आहे. डाव सुरू होताना काळ्याच्या बाजूला एफ७ हे एकच घर असे असते की ज्याला राजाशिवाय कोणाचाही आधार नसतो. बाकीच्या प्याद्यांमागे वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा यांपैकी कोणीतरी उभा असतो. एफ७ च्या प्याद्याची राखण राजानेच करायची, आणि राजाने राखण करणे म्हणजे घरमालकानेच दारात काठी घेऊन बसण्यासारखे आहे. सी४ वरच्या उंटाची नजर आधीपासून त्या घरावर असते. घोडा जी५ वर येताच तिथे दोन हल्लेखोर होतात आणि राखणदार एकच राहतो. घोडा एफ७ वर बसला तर वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम हल्ला होतो. काळ्याने अजून किल्लेकोट केलेला नसतो आणि त्या घराला नीट आधार देईल असा मोहरा वेळेत पोचत नाही. जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्याकडच्या देशी बुद्धिबळात बहुतेक ठिकाणी प्यादे एकेकच घर सरकत असे आणि राजाला एकदा घोड्याची चाल खेळण्याची मुभा असे. तिथे डाव सावकाश उलगडायचा आणि चौथ्या चालीला कोणी राजाच्या दारात येऊन उभा राहत नसे. हा धावता हल्ला युरोपीय नियमांचे अपत्य आहे आणि त्याचा जन्म इटलीत झाला.

काळ्याचे सर्वमान्य उत्तर आहे डी५: प्यादे पुढे सारून उंटाची वाट अडवायची. पांढरा ते प्यादे ई४ वरच्या प्याद्याने मारतो. आता हौशी स्पर्धांमधले कितीतरी डाव जिथे फुटतात तो क्षण येतो. डी५ वर पांढरे प्यादे उभे आहे, काळ्याच्या एफ६ वरच्या घोड्याला ते मारता येते, आणि हात आपोआप तिकडे जातो. घेतलेले परत घ्यावे ही माणसाची स्वाभाविक वृत्ती आहे. पण काळ्याने घोड्याने ते प्यादे मारले की पांढरा आपला घोडा सरळ एफ७ वर झोकून देतो. वजीर आणि हत्ती दोन्ही धोक्यात आल्याने राजाला तो घोडा मारावाच लागतो. मग पांढरा वजीर एफ३ वर येऊन शह देतो आणि त्याच वेळी डी५ वरच्या घोड्यावरही हल्ला करतो. घोडा वाचवायचा असेल तर काळ्या राजाला ई६ वर, भर चौकात यावे लागते. जी८ वर मागे जाऊन लपावे असे कोणाला वाटले तर पांढरा उंट डी५ वरचा घोडा शहासह मारतो, काळा वजीर त्या उंटाला मारतो, पांढरा वजीर त्या वजिराला मारून पुन्हा शह देतो, काळा मध्ये ई६ वर उंट घालतो आणि पांढरा वजीर त्या उंटाला मारून मात करतो. स्वतःच्याच हत्ती, उंट आणि प्याद्यांनी राजाच्या सगळ्या वाटा बंद केलेल्या असतात. म्हणून राजा ई६ वर येतो, पांढरा आठव्या चालीला दुसरा घोडा सी३ वर आणून डी५ वरच्या घोड्यावर तिसरा दाब आणतो, आणि एक प्यादे मिळवून अख्खा घोडा दिलेल्या पांढऱ्याची बाजू वरचढ ठरते. या हल्ल्याला इटालियन भाषेत काळजाच्या तुकड्यावरून ‘फेगातेल्लो’ म्हणतात. आपल्याकडची मुले त्याला ‘फ्राइड लिव्हर’ या इंग्रजी नावाने ओळखतात. जुलिओ चेझारे पोलेरिओ या इटालियन खेळाडूचा रोममधला, साधारण १६१० सालचा एक डाव याच वळणाने गेलेला आहे. चारशे वर्षे झाली, तरी तीच चूक दर रविवारी कुठे ना कुठे होत असते.

का होते? मुले पाठ करत नाहीत म्हणून, असे सांगितले जाते. मला कारण वेगळे वाटते. डी५ वरचे प्यादे परत घेणारा फक्त माल मोजतो. तुझे एक प्यादे गेले, माझे एक गेले, फिट्टंफाट. पटावर दुसरे एक चलन असते आणि ते म्हणजे वेळ, म्हणजे चाली. ते मोजायला त्याला कोणी शिकवलेले नसते. बरोबर उत्तर नेमके उलटे आहे. काळ्याने प्यादे सोडून द्यायचे आणि सी६ वरचा घोडा ए५ वर नेऊन उंटावर हल्ला करायचा. पांढरा उंट बी५ वर शह देतो, काळा सी६ वर प्यादे आणून तो अडवतो, पांढरा ते मारतो आणि काळा बी-प्याद्याने परत मारतो. आता पांढऱ्याकडे एक प्यादे जास्त आहे. उंट ई२ वर मागे जातो, काळा एच६ खेळून घोड्याला हाकलतो, घोडा एफ३ वर परततो, काळा ई४ खेळून त्याला पुन्हा हाकलतो आणि घोडा ई५ वर जातो. आता पांढऱ्याच्या दहा चालींचा हिशेब मांडून पाहा. तीन चाली एकाच प्याद्याच्या: ई४, डी५, सी६. तीन चाली उंटाच्या: सी४, बी५, ई२. खरे तर ई२ हे घर त्याला एका चालीत मिळाले असते. आणि चार चाली घोड्याच्या: एफ३, जी५, एफ३, ई५. दहा चालींनंतर पांढऱ्याचे दोनच मोहरे घराबाहेर आहेत, आणि त्यातला घोडा अजूनही धोक्यात आहे. डी२ वरचे प्यादे जागचे हललेले नसल्याने दुसरा उंट आतच कोंडलेला आहे. काळ्याने एक प्यादे खर्चून आपले दोन्ही उंट आणि वजीर यांच्यासाठी रस्ते मोकळे करून घेतले आहेत. हा सौदा फायद्याचा की तोट्याचा यावर थोर खेळाडूंचे शंभराहून अधिक वर्षे एकमत झालेले नाही, आणि त्यामुळेच तो शिकण्यासारखा आहे.

या चालीवर सर्वांत जोरदार कोरडा ओढला तो जर्मन डॉक्टर आणि अव्वल खेळाडू सिगबर्ट टाराश याने. त्याच्या लेखी घोडा जी५ ही निव्वळ नवशिक्याची खेळी होती. त्याचा आक्षेप पोकळ नव्हता. सुरुवातीला एकच मोहरा दोनदा हलवू नये, आधी सगळी फौज बाहेर काढावी, हा नियम त्याने एका पिढीला शिकवला, आणि तो नियम दहातल्या नऊ वेळा खरा ठरतो. पण नियमाच्या पोटात कारण असते. एकच मोहरा दोनदा हलवू नये, कारण त्यात वेळ वाया जातो. त्या वेळेच्या बदल्यात खणखणीत काही मिळत असेल तर नियमाचा आधारच सरकतो. इथे पांढऱ्याला एक प्यादे मिळते, काळ्याची प्याद्यांची रांग मोडते आणि काळ्याचा घोडा ए५ वर, पटाच्या कडेला जाऊन बसतो. कडेचा घोडा दुबळा, ही म्हणही टाराशच्याच नावावर सांगितली जाते. आणि ज्या चालीला त्याने हिणवले तिचे सर्वांत भरवशाचे उत्तर म्हणजे घोडा कडेला नेणे! एका बाजूने एक नियम मोडायचा, दुसऱ्या बाजूने दुसरा, आणि तरीही दोघांचे खेळणे बरोबर. नियम पाठ करून बसलेल्याला हे कोडे वाटेल. नियमाचे कारण ठाऊक असलेल्याला वाटणार नाही.

याचा पुरावा खेळाच्या इतिहासातच आहे. १८९०-९१ मध्ये विश्वविजेता विल्हेल्म स्टाइनिट्झ न्यूयॉर्कमधून आणि मिखाइल चिगोरिन सेंट पीटर्सबर्गमधून तारेने दोन डाव खेळले. त्यातल्या एकात स्टाइनिट्झने हीच घोडा जी५ खेळली. काळ्याने एच६ खेळून घोड्याला हाकलल्यावर त्याने तो एफ३ वर न नेता एच३ वर नेला, तोही कडेलाच. विचित्र दिसणाऱ्या या चालीमागे चोख हिशेब होता. एफ३ वर गेलेल्या घोड्याला ई४ चे प्यादे पुन्हा हाकलते आणि काळ्याला फुकटची एक चाल मिळते. एच३ वरच्या घोड्याला ते हाकलू शकत नाही. म्हणजे वेळेची उधळपट्टी करून बसलेला पांढरा इथे शेवटची एक चाल वाचवतो. काळ्याने उंटाने तो घोडा मारला तर पांढऱ्याची राजाकडची प्यादी विस्कटतात, पण पांढऱ्याकडे दोन उंट राहतात. चिगोरिनने दोन्ही डाव जिंकले आणि घोडा एच३ चे हसे झाले. पुढे १९६३ मध्ये पोकिप्सी इथे न्यूयॉर्क राज्याच्या खुल्या स्पर्धेत वीस वर्षांच्या बॉबी फिशरने आर्थर बिसगायरविरुद्ध हीच चाल बाहेर काढली आणि डाव जिंकला. बहात्तर वर्षे अडगळीत पडलेल्या चालीवर त्याने विश्वास टाकला, कारण निकालापलीकडे जाऊन त्याने तिच्यामागचे कारण पाहिले होते.

आता कोणी म्हणेल, फिशर आणि चिगोरिन यांच्या गोष्टी हौशी खेळाडूला काय कामाच्या? तर मग खऱ्याखुऱ्या हौशी खेळाडूकडे वळू. कारेल ट्राक्सलर हा बोहेमियातला एक कॅथलिक धर्मगुरू. बुद्धिबळ हा त्याचा छंद होता आणि तो कूटप्रश्नही रचत असे. १८९० साली होस्टोऊन या गावी राइनिश नावाच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध त्याच्या पटावर हीच स्थिती आली. घोडा जी५ वर येऊन उभा, एफ७ धोक्यात. ट्राक्सलरने एफ७ कडे पाहिलेच नाही. त्याने उंट सी५ वर नेला. राइनिशने घोडा एफ७ वर मारला आणि वजीर-हत्ती दोघांवर हल्ला केला. ट्राक्सलरचा उंट एफ२ वर मारून शह देता झाला. राइनिशचा राजा ई२ वर गेला आणि इथेच त्याचे चुकले. घोडा डी४ वरून शह, राजा डी३ वर. मग बी५ चे प्यादे पुढे, पांढरा उंट बी३ वर मागे, काळ्याचा दुसरा घोडा ई४ चे प्यादे मारून मध्यभागी. नवव्या चालीला राइनिशने काळ्याचा वजीर मारला. कोणत्याही माल मोजणाऱ्याच्या दृष्टीने डाव संपला होता. त्या क्षणापासून ट्राक्सलरने सलग नऊ शह दिले. राजा सी३ वर गेला, बी४ वर गेला, बी५ आणि ए५ वरची प्यादी खात पुढे सरकला, परत बी४ वर आला, ए४ वर गेला, पुन्हा बी४ वर येऊन एक घोडा मारला. आणि सतराव्या चालीला काळ्याचे सी७ वरचे प्यादे दोन घरे पुढे येऊन उभे राहिले. मात. पांढऱ्याच्या हातात वजीर, घोडा आणि प्यादी, आणि राजा मात्र शत्रूच्या अंगणात एकटा. आज उंट सी५ या चालीला ट्राक्सलर प्रतिहल्ला म्हणतात. पांढऱ्याने पाचव्या चालीला घोड्याऐवजी उंटाने एफ७ मारून शह दिला तर तो प्यादे कमावून बऱ्यापैकी सुखरूप राहतो, हेही आता माहीत झाले आहे. पण राइनिश हरला तो माहिती नव्हती म्हणून नव्हे. माल वाढत असताना वेळ संपत चालली आहे, हे त्याने मोजले नाही. रोममधल्या डावात काळ्याने केलेली चूक इथे पांढऱ्याने केली.

प्रशिक्षकांचा सर्वांत वजनदार आक्षेप सवयीबद्दलचा आहे. घोडा जी५ शिकवली की मुले सापळ्यांच्या नादी लागतात, सात-आठ चालींत फुकटचे डाव जिंकतात आणि पुढे चांगल्या खेळाडूसमोर उघडी पडतात, असे ते सांगतात. हा अनुभव खोटा नाही. तरी दोष शिकवण्याच्या पद्धतीचा आहे, चालीचा नाही. ‘असे खेळ, समोरचा चुकेल’ असे सांगून मुलाच्या हाती चाल दिली तर ती सापळाच होते. पण समोरचा चुकला नाही, घोडा ए५ वर गेला, आता तुझ्याकडे एक प्यादे जास्त आहे आणि तीन चाली मागे आहेस, हे कसे फेडशील, असे विचारले तर तीच चाल अभ्यास होते. इथे सापळा एका बाजूला आणि खरा डाव दुसऱ्या बाजूला उभा असतो, आणि दोन्हींतले अंतर एका चालीचे असते. आणि काळ्याची बाजू खेळणाऱ्याला तर दुसरा पर्यायच नाही. घोडा जी५ त्याला आवडो न आवडो, समोरचा खेळणारच.

दुसरा आक्षेप असा की हौशी खेळाडूने ओपनिंगच्या मागे लागूच नये, एन्डगेम शिकावा. विश्वविजेता कापाब्लांका याने १९२१ सालच्या आपल्या पाठ्यपुस्तकात सुरुवातीलाच मात देण्याचे सोपे प्रकार आणि प्याद्यांचे शेवट घेतले आहेत, आणि ते योग्यच आहे. पण डाव आठव्या चालीला ई६ वरच्या राजासह संपणार असेल तर शेवटाचे ज्ञान वापरायचे कधी? शिवाय हे दोन विषय वाटतात तितके वेगळे नाहीत. प्याद्यांच्या शर्यतीत एका चालीने मागे राहिलेला हरतो, हे शेवटात शिकायचे. तीच एक चाल घोडा ए५ वाल्या डावात दहाव्या चालीला मोजायची. चालीमागचे कारण असे मोजून शिकवणे नवीनही नाही. मॅक्स यूव हा १९३५ ते १९३७ या काळात विश्वविजेता होता, आणि पेशाने गणिताचा शिक्षक. त्याने वॉल्टर मायडनबरोबर १९६३ मध्ये उस्ताद आणि हौशी खेळाडू यांच्यातल्या डावांवर एक अख्खे पुस्तक लिहिले. हौशी खेळाडूची चाल कुठे आणि का चुकते, हे कारणासह उलगडून दाखवणे हा त्या पुस्तकाचा गाभा आहे.

संगणकाचा मुद्दा मी थोडक्यात घेतो. आजची इंजिने घोडा ए५ नंतरच्या स्थितीत काळ्याला पुरेशी भरपाई आहे असे मानतात आणि पांढऱ्यालाही वाईट म्हणत नाहीत. अलीकडे अव्वल खेळाडू आठव्या चालीला उंट ई२ ऐवजी डी३ वर नेतात. तिथे तो डी२ च्या प्याद्याला अडवतो, दिसायला बेढब, पण ई४ च्या ढकलीला रोखून धरतो. तोच वेळेचा हिशेब, नव्या उत्तरासह. संगणकाने प्रश्न मिटवलेला नाही, फक्त अधिक बारीक केला आहे. आणि ज्याला हे सगळे टाळायचे आहे त्याने तिसऱ्या चालीला घोड्याऐवजी उंट सी५ वर न्यावा. मग जी५ वर आलेला घोडा काळ्या वजिराच्या तोंडी सापडतो. ती वाटही चांगली आहे. पण टाळणे आणि उत्तर माहीत असणे यांत फरक आहे, आणि हा फरक स्पर्धेतल्या पटावर घड्याळ चालू असताना लगेच जाणवतो.

म्हणून काळे मोहरे घेऊन बसणाऱ्या प्रत्येक हौशी खेळाडूला, आणि त्याला शिकवणाऱ्यांना, एवढीच विनंती. पुढच्या स्पर्धेत पांढरा घोडा जी५ वर आला, तुम्ही डी५ खेळलात, पांढऱ्याने ते प्यादे मारले, की हात लगेच पुढे करू नका. घड्याळावरची दोन मिनिटे खर्च करा, पांढऱ्याने कोणता मोहरा किती वेळा हलवला ते मोजा, आणि मग घोडा ए५ वर न्या.